रिकामा डबा

"आता अजून काय द्यायचं राहिलं, अक्का?"

श्रीपतीच्या आवाजात तक्रार होती. तालुक्यातला मोठा कंत्राटदार तो. पण टेकडीवरच्या मठात, म्हाताऱ्या अक्कापुढे, जमिनीवरच बसायचा.

"वहिनीला घर बांधून दिलं. पाटल्या केल्या. दर सणाला लुगडं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, ते मी विसरलोय का? पण ती माझ्याशी धड बोलत नाही. काल तर म्हणाली, 'पुन्हा काही घेऊन यायचं असेल तर येऊच नकोस.'"

"तू तिला कधी काही बोललास?"

"बोलायचं काय त्यात? दिसत नाही का तिला?"

अक्का शेंगा सोलत राहिली.

श्रीपतीने पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे ठेवला. मागच्या खेपेला अक्काने त्यातून मेथीचे लाडू दिले होते. आज तो काजूकतलीने गच्च भरला होता.

"हे रे कशाला?"

"रिकामा डबा परत करायची आपल्यात रीत नाही."

"बरं. लाडू कसे झाले होते?"

"छान!"

"गूळ होता की साखर?"

श्रीपती डब्याचं झाकण उगाच चाचपू लागला.

"फार कडू लागले का?"

श्रीपतीने मान खाली घातली.

"लाडू गाडीतच ड्रायव्हरला देऊन टाकले, अक्का. काजूकतली मात्र त्याच दिवशी सांगून ठेवली होती."

अक्का खळखळून हसली. "फार घाई रे तुला."

श्रीपती हसला नाही.

"तिच्या दारात उभा राहिलो ना," तो हळूच म्हणाला, "की मी पुन्हा सात वर्षांचा होतो. ताटली घेऊन उभा. नको वाटतं ते. म्हणून हातात काहीतरी लागतंच."

अक्का उठली. काजूकतली परातीत काढून तिने आल्यागेल्यासाठी ओट्यावर ठेवली. डबा घासला. पदराने कोरडा केला आणि श्रीपतीच्या हातात दिला.

"हा घे, आणि असाच वहिनीकडे जा."

"रिकामा?"

"रिकामा."

"अहो, पण दारात उभं राहून सांगू काय?"

अक्का पुन्हा शेंगांपुढे बसली.

"सांग, भूक लागलीय."