पिठलं अळणी होतं

“सकाळी हसते, दुपारी चिडते, दिवेलागणीला उगाचच डोळे भरून येतात. आक्का, मला काही झालंय का?”

वैजयंता गावातल्या अंगणवाडीत शिकवते. तिची दोन वर्षांची लेक तिच्या मांडीवर झोपली होती. दुपारची जेवणं उरकली होती आणि आम्ही चौघं मठाच्या ओसरीवर बसलो होतो.

सरूआक्का सुपारी कातरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “झोप लागती?”

“लागते. ही मधेच उठवते, पण पुन्हा पडलं की लागते.”

“जेवतीस?”

“जेवते की. आज मात्र अर्ध्या भाकरीवर उठले.”

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. पिठलं मी केलं होतं आणि त्यात मीठ घालायला विसरलो होतो. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेल्या माणसाच्या हाती मठाची चूल दिल्यावर दुसरं काय व्हायचं! पहिल्या घासाला आक्कांनी माझी खरडपट्टी काढली होती आणि माझा चेहरा बघून दुसऱ्या घासाला त्याच पोट धरून हसल्या होत्या.

“आन लेकीला जवळ घेतलीस की?”

“मग काही नाही. तिनं गळ्यात हात टाकले की विसरून जाते सगळं.”

“मग जा घरी. सकाळी हस, दुपारी चिड. नवऱ्यावर चिडलीस तर सांजच्याला त्याला दोन शब्द गोड बोल, म्हंजी बिचारा घाबरायचा न्हाई. मन हाय बाई ते, हलायचंच. पर दोन-दोन आठवडं डोळं भरलेलंच ऱ्हायलं, न्हाईतर लेक गळ्यात पडून बी काय वाटंना झालं, तर त्याच पावली माझ्याकडं ये.”

वैजयंता हसली. लेकीला खांद्यावर टाकून ती टेकडी उतरून गेली.

“कच्ची आहे अजून,” खांबाला टेकलेले लिमकर गुरुजी म्हणाले.

गुरुजी हायस्कुलात संस्कृत शिकवतात. अकरा वर्षं आक्कांचे शिष्य. खरं सांगायचं तर ह्या मठात त्यांच्याइतका लहरी माणूस दुसरा नव्हता. भजनात घळाघळा रडायचे. टाळ चुकला की टाळकऱ्यावर खेकसायचे आणि तासाभरानं त्याच टाळकऱ्याला चहा पाजायचे. दर महिन्याला आक्कांपुढे एकच गाऱ्हाणं, माझं मन स्थिर होत नाही. आक्का दर महिन्याला हसून सोडून द्यायच्या. मला मात्र गुरुजी तसेच आवडायचे.

तीन महिन्यांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ गेला. त्यानंतर ते आजच आले होते. सदरा अंगात लोंबत होता.

“आक्का, मी सुटलो त्यातून,” गुरुजी म्हणाले.

“कशातनं?”

“ह्या हसण्यारडण्यातून. दादाला अग्नी दिला, डोळ्यांत टिपूस नाही. गेल्या महिन्यात लेकीला नोकरी लागली. घरात पेढे वाटले. मला काही नाही. सुख नाही, दुःख नाही. सगळं सारखं.”

आक्कांचा अडकित्ता थांबला.

“लोकांच्याही ध्यानात आलंय. दादाच्या दिवसकार्याला माणसं माझ्या पाया पडली. म्हणाली, गुरुजी स्थितप्रज्ञ झाले. रविवारी शाळेच्या मैदानात प्रवचन ठेवलंय त्यांनी.” ते एवढं बोलून दमल्यासारखे थांबले. “आक्का, मला नारळ द्या.”

आमच्या मठात उपदेश करायची परवानगी म्हणजे नारळ. आक्का तो शिष्याच्या उपरण्यात घालतात. माझ्या देखत त्यांनी दोघांनाच दिलाय. मी इथं नऊ वर्षं भांडी घासतोय, मला काही मिळायची आशा नाही. आजच्या पिठल्यानंतर तर नाहीच.

“तात्या, नारळ आण,” आक्का म्हणाल्या.

मी आणला. गुरुजींनी उपरणं पसरलं. त्यांच्या तोंडावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होतो. अकरा वर्षं माणूस ज्याच्यासाठी झुरला, ते समोर आलं होतं. पण चेहरा पाटीसारखा कोराच राहिला.

आक्कांनी नारळ हातात धरून ठेवला.

“नरहरी, आज पिठलं कसं झालं व्हतं?”

“मी तक्रार केली नाही, आक्का. सगळे बोलले, तात्यांना हसले. मी मुकाट्यानं जेवलो.”

“ते मी बघितलं. मी इचारलं, कसं झालं व्हतं?”

“चांगलं.”

“मीठ?”

गुरुजी गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे.

“मीठ... होतं की.”

“तुला कळलंच न्हाई व्हय रं?”

गुरुजींनी नाही म्हणून मान हलवली.

“अळणी हाय हे कळून गप जेवला असतास, तर ह्यो नारळ आत्ता तुझा व्हता.”

आक्कांनी नारळ माझ्याकडे परत दिला. गुरुजी चिडतील, उठून जातील असं मला वाटलं. पूर्वीचे गुरुजी गेलेच असते आणि अर्ध्या टेकडीवरून माफी मागायला परतही आले असते. आज त्यांनी पसरलेलं उपरणं नुसतं घडी करून ठेवलं.

“झोप लागती?” आक्कांनी विचारलं. वैजयंताला विचारलं तसंच, पण आवाज उतरला होता.

“तीनलाच जाग येते. पुन्हा लागत नाही. ध्यानाला बरं पडतं.”

“ध्यान करतोस?”

“आढ्याकडे बघत पडून राहतो.”

“भूक?”

“नाही. उपवास आपोआप घडतात.”

“घरात काय म्हंत्यात?”

“सौभाग्यवती म्हणते, तुम्ही असून नसल्यासारखे झालात.” गुरुजी किंचित हसले. “मला ती स्तुती वाटली.”

“तिनं रडत सांगितलं का हसत?”

गुरुजींनी आठवून बघितलं. बराच वेळ लागला.

“रडत होती वाटतं... मी नीट बघितलं नाही.”

आक्का उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. गुडघा गुडघ्याला लागेल इतक्या जवळ. त्यांनी गुरुजींचा हात धरला. नऊ वर्षांत मी त्यांना असं कुणाजवळ बसलेलं बघितलं नव्हतं.

“नरहरी, सरळ इचारते. आपण नसलो तर बरं, असं मनात येतं का?”

मला ते ऐकवेना. हे काय विचारणं झालं, असं ओठांवर आलं होतं. पण आक्कांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी गप्प झालो.

खालच्या रानात कुणीतरी बैलांना हाकत होतं, ते ऐकू येत होतं.

“येतं,” शेवटी ते म्हणाले. “भीती वाटत नाही त्याची. म्हणून वाटलं... वैराग्य असेल.”

“आज बी आलं?”

“टेकडी चढताना.”

“काय करायचं ठरवलंयस का?”

“नाही... नुसतं येतं.”

आक्कांनी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटत नव्हती.

“माझा पाठचा भाऊ, दामू. त्यो बी असाच शांत झाला व्हता. माझ्यापरीस आधी त्यो माळकरी. राग न्हाई, लोभ न्हाई, भूक न्हाई. आमी म्हटलं, साधू झाला. गाव त्याच्या पाया पडलं. मी बी पडले.”

“मग?” गुरुजींनी विचारलं.

“दवाखान्यात मातर कुणी न्हेलं न्हाई. आन त्यो हातचा गेला.”



आक्का पदरानं तोंड पुसून उभ्या राहिल्या. “तात्या, आज गुरुवार न्हवं? तालुक्याच्या दवाखान्यात मनाचं डाक्टर गुरुवारचंच येतंय. माझी चप्पल बघ कुठाय.”

“आक्का, मला वेड लागलंय का?” गुरुजींनी विचारलं. त्या विचारण्यातही काही जोर नव्हता.

“ताप आलेल्याला कुणी वेडा म्हंतं का?”

“मग नामस्मरण वाढवतो. तुम्ही सांगाल तेवढं.”

“नाम घे की. गाडीत बसून घे.”

खाली फाट्यावर वडाप उभंच होतं. जीपमध्ये आधीच बारा माणसं आणि एक कोंबडी. आक्कांनी दोघांना उठवून गुरुजींना मधे बसवलं, एका बाजूला स्वतः आणि दुसऱ्या बाजूला मला. वाटेत त्यांनी माझ्या फोनवरून गुरुजींच्या बायकोला कळवलं. “दवाखान्यात ये. घाबरू नगंस. माझ्याजवळ हाय त्यो,” एवढंच बोलल्या. पलीकडून रडण्याचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. गुरुजी रस्त्याकडे बघत होते.

दवाखान्यात रांग होती. व्हरांड्यात बाकांवर पन्नासेक माणसं तरी असतील. त्यातली निम्मी गुरुजींच्या हाताखालून शिकलेली. एकानं उठून जागा दिली, दुसऱ्यानं वाकून नमस्कार केला, “गुरुजी, रविवारी येतो प्रवचनाला” म्हणाला. गुरुजींनी आशीर्वादाचा हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

खिडकीतल्या बाईंनी केसपेपर काढायला घेतला. “नाव?”

“नरहरी दत्तात्रय लिमकर,” आक्का म्हणाल्या.

“वय?”

“सत्तेचाळीस.”

“काय होतंय?”

आक्कांचा आवाज मुळात मोठा. साठ वर्षं टेकडीवरून खालच्या गावाला हाका मारून तयार झालेला. त्यांनी खिडकीत तोंड घातलं आणि सांगितलं, “ह्याचा सख्खा भाऊ गेला, तीन म्हैनं झालं, पर ह्याला रडूच येत न्हाई! झोप न्हाई, भूक न्हाई, अन्नाची चव बी लागत न्हाई!”

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या.

“आन जगूच नये असं वाटतंय म्हंतो!”

“आक्का!” गुरुजी खेकसले. मान लाल झाली होती. “जरा हळू बोला ना! माझे विद्यार्थी आहेत इथं! काही लाजबीज आहे की नाही तुम्हाला?”

अकरा वर्षांत ह्या माणसानं आक्कांपुढे आवाज चढवला नव्हता. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं, कारण ते तोंड तसंच उघडं ठेवून उभे राहिले.

मी मधे पडणार होतो, पण आक्कांनी मला कोपरानं मागं सारलं. त्या गुरुजींच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आई बघते तशा त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

“आणखी एकदा वरड बघू माझ्यावर,” आक्का म्हणाल्या.