मानाचा घास

बारमाही हिरव्या अशा एका घनदाट जंगलाच्या कडेला एक गाव होते. ते जंगल राजाने राखीव केले होते, कारण त्यात वनमाणसे राहत. वनमाणसे म्हणजे माणसाहून थोराड, बिनशेपटीचे, काळेभोर महाकपी. आजूबाजूच्या रानांतून ती संपत चालली होती. कुठे जंगलच तुटले होते, कुठे फासे लावून त्यांची पिल्ले पळवली होती. या गावाने मात्र राजाला शब्द दिला होता, की आमच्या रानात कुऱ्हाड शिरणार नाही आणि फासा लागणार नाही.

गावाने शब्द पाळला. त्याचा गावाला इतका अभिमान होता, की पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुसरा विषयच सुचत नसे.

रानाचा राखणदार होता रुमाजी. फासे लावणाऱ्या सख्ख्या मेहुण्यालाही त्याने दोरीने बांधून शिपायांच्या हवाली केले होते. म्हणून मानाचा घास त्याच्या घरी होता.

ही मानाच्या घासाची रीत जुनी. एकदा एका शिकाऱ्याने विषारी केळी टाकून वनमाणसे मारली. तेव्हापासून उरलेली माणसाच्या हातचे काही घेईनात. मग गावाने ठरवले, की दरवर्षी केळीचा पहिला घड पिकला की राखणदाराने रानात जावे, वनमाणसांसमोर एक घास आधी आपण खावा आणि उरलेले केळे त्यांच्या हातात द्यावे. यात विष नाही, हे त्यांना कळावे म्हणून. वनमाणसांना ते कळले. ती राखणदाराची वाट पाहू लागली.

एका वर्षी घड पिकला आणि नेमकी गावात खोकल्याची साथ आली. रुमाजीही खोकत होता. त्याची सून सगुणा त्याच वर्षी लग्न होऊन घरात आली होती.

"मामंजी, यंदा रानात जाऊ नका," ती म्हणाली. "अंगात ताप आहे तुमच्या. आमच्या माहेरी असंच झालं. गावात खोकला आला, मग तो रानात गेला. माणसं बरी होऊन कामाला लागली. वनमाणूस मात्र एकही उरलं नाही."

रुमाजी तिला पारावर घेऊन गेला. तिने तेच पुन्हा सांगितले.

"सूनबाईच्या माहेरी पाऊससुद्धा वेगळा पडत असेल," एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले, आणि हसता हसता खोकले.

"केळी न उष्टावता रानाच्या कडेला ठेवा आणि लगेच परत या," सगुणा म्हणाली.

"उष्टावल्याशिवाय त्यांना कळणार कसं, विष आहे की नाही?"

"यंदा उष्टावलं तरच विष आहे."

कोणाला राग आला नाही. राग येण्यासाठी आधी ऐकून घ्यावे लागते.

तेवढ्यात रुमाजीचा चुलतभाऊ शिदोजी म्हणाला, "रुमाजी, सुनेला विचारूनच जायचं असेल तर तसं सांग. घास आमच्या घरी येऊ दे. माझ्या सुनेला अजून तोंड फुटलेलं नाही."

खरे तर सगुणाचे म्हणणे रुमाजीला पटले होते. निदान अर्धे. पण शिदोजीच्या खांद्यावरून घड रानात चाललेला त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि उरलेले अर्धे पटायचे राहून गेले.

गालात ज्येष्ठमधाची काडी धरून तो रानात गेला. वनमाणसे आली. सर्वांत पुढे एक मादी होती, छातीला पिल्लू बिलगलेले. खोकला गिळत रुमाजीने केळ्याचा घास घेतला आणि उरलेले तिच्या पंजात ठेवले. तिने ते चावले आणि त्यातलेच थोडे काढून पिल्लाच्या तोंडात भरवले. रुमाजीला भरून आले. परतीच्या वाटेवर मात्र तो पोट धरून खोकला.

काही दिवसांत गावाचा खोकला थांबत आला, आणि रानातून खोकला ऐकू येऊ लागला. अगदी माणसासारखा.

"शिकारी दडलेत आत," पारावरचे म्हणाले. काठ्या निघाल्या. रुमाजी सर्वांपुढे होता. शिकाऱ्याला बांधण्यासाठी त्याने दोरी घेतली होती.

रानात शिकारी नव्हता. झाडांखाली वनमाणसे बसली होती आणि खोकत होती. लहान मुलांची वाहतात तशी त्यांची नाके वाहत होती. काही आपल्या पानांच्या बिछान्यात पडून होती. माणसांची चाहूल लागूनही ती उठली नाहीत. रुमाजीने जवळ जाऊन पाहिले. ती आता उठणारच नव्हती.

ती मादी एका बुंध्याला टेकून बसली होती. पिल्लू तिने छातीशी धरले होते. त्याची मुंडी लोंबत होती आणि तोंडावर माश्या बसल्या होत्या. मादी हाताने माश्या हाकलत होती. तिने रुमाजीला ओळखले, आणि घासासाठी हात पुढे केला.

रुमाजीच्या हातातली दोरी गळून पडली.

"भुकेली दिसते," शिदोजी म्हणाला. त्याने कनवटीचे केळे काढून रुमाजीपुढे धरले. "घास दे तिला."

रुमाजीने पागोट्याचे टोक तोंडावर दाबले. "मागं फिरा. सगळे मागं फिरा."

"आणि आपली रीत?"

"इतकी वर्षं रानात फासे शोधले मी," रुमाजी म्हणाला. "फासा माझ्या तोंडात होता."

मग सगळे मागे फिरले. मादीचा हात तसाच पुढे होता.

त्यानंतर रानात किती वनमाणसे उरली, हे कोणालाच ठाऊक नाही. रुमाजी कोणाला आत सोडत नाही, स्वतःही जात नाही. रानाच्या वाटेवर तो काठी घेऊन बसतो, रानाकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून. पुढच्या वर्षी शिदोजी घड घेऊन आला, तेव्हा रुमाजीने काठी आडवी धरली. सगुणा रोज त्याची भाकरी घेऊन येते. कधी मागच्या झाडीत फांदी हलते. दोघे जेवता जेवता थांबून ऐकतात. पण वळून बघत नाहीत.

तात्पर्य: आपला मान टिकवण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालावा लागत असेल, तर ती माया नव्हे. कधी कधी लांब राहणे हीच राखण असते. आणि सांगणारे माणूस वयाने लहान आहे, एवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही.