धुळाबाईनं न घातलेलं मुसकं

फार वर्षांपूर्वी, करंजमाळच्या ओढ्याला ऐन वैशाखातही पाणी असायचं तेव्हा, गावाबाहेर चिंचेखाली धुळाबाई धनगरणीचा तळ होता. नवरा लांडग्याच्या मागं गेला तो परत आलाच नाही. तिच्याजवळ उरली तीस मेंढरं आणि ढग्या नावाचं काळं कुत्रं.

हा ढग्या भुंकायचा. पान हललं तरी भुंकायचा, स्वतःची सावली दिसली तरी भुंकायचा. त्याच्या आवाजाला कंटाळून ओढ्यातले मासे खालच्या गावाला राहायला गेले, असं म्हणतात.

एकदा इनामदारांची स्वारी माळावरून चालली होती. ढग्या भुंकला, घोडी बुजली आणि इनामदार पागोट्यासकट उकिरड्यात जाऊन पडले. बघणारे पोट धरून हसले. अख्ख्या गावाला शिक्षा करता येईना, म्हणून ती कुत्र्याला झाली. इनामदारांनी चामड्याचं मुसकं पाठवलं आणि सांगावा धाडला, की हे त्याच्या तोंडाला बांध. अमावास्येला मी येईन, तेव्हा एकदा जरी भुंकला तरी कुत्रं मारून टाकू.

धुळाबाईनं मुसकं उलटंपालटं करून बघितलं. तोंड बांधलेलं कुत्रं लांडग्याला काय अडवणार, आणि पाणी तरी कसं पिणार? तिला त्या इनामदाराचा मनस्वी राग आला.

"घाल बाई," गावकरी म्हणाले. "कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच."

"ऱ्हाऊ द्या वाकडं," ती म्हणाली. "म्या काय शेपटाला शिकवाय बसले न्हाई." आणि तिनं मुसकं चिंचेच्या फांदीला टांगून टाकलं.

आता गावाची चूक बघा. ढग्या भुंकला की सगळे मिळून "हाड, हाड" ओरडायचे. ढग्याला वाटायचं, सगळं गाव आपल्या बरोबरीनं भुंकतंय, मग त्याला आणखी जोर चढायचा. धुळाबाईनं ओरडणंच सोडलं. तो भुंकला की ती उठायची, तो कशावर भुंकतोय ते बघून यायची, "बघितलं, पुरं" म्हणायची आणि तळहात दाखवून उभी राहायची. दम घ्यायला तो थांबला रे थांबला, की भाकरीचा तुकडा त्याच्यापुढं. पहिल्या दिवशी ती दुपारभर उभी होती. स्वतःच्या वाटची भाकरी त्याला जायची, आणि ती पाणी पिऊन निजायची. हळूहळू एका वेळचं भुंकणं वीसवर आलं, दहावर आलं, तीनवर आलं. तीनवर मात्र ती मुद्दाम थांबली.

अमावास्येला सकाळीच इनामदार हलगी वाजवत आले. बरोबर काठ्या घेतलेली माणसं होती. ढग्या तीनदा भुंकला. धुळाबाईनं तळहात दाखवला, "पुरं" म्हणाली, आणि तो तिच्या पायाशी बसला.

"तीनदा भुंकलं," इनामदार म्हणाले. "एकदाही चालणार नाही, असं मी म्हणालो होतो."

"कोन आलं ते तीनदा सांगनं त्याचं काम हाय, धनी. ऐकनं आपलं. मुक्याकडनं राखन हुत न्हाई."

इनामदारांनी काठीवाल्यांना खूण केली. धुळाबाईनं फांदीवरचं मुसकं काढलं आणि ढग्याच्या पुढं उभी राहिली.

"मग हे आदी मला घाला," ती म्हणाली. "म्या बी गप बसनार न्हाई."

त्या क्षणी बारा गावची कुत्री एकदमच तीनदा भुंकली आणि एकदमच थांबली, असं म्हणतात. मग अशी शांतता पसरली, की हलगीवर काडी पडली तरी आवाज उमटेना. काठीवाल्यांच्या हातून काठ्या गळाल्या. घोडी आपणहून माघारी वळली. इनामदार तिच्या पाठीवरच होते, त्यांनाही जावं लागलं.

त्यालाही आता किती पिढ्या झाल्या. करंजमाळात अजून कुणी कुत्र्याला मुसकं घालत नाही. ग्रामसभा त्या चिंचेखालीच भरते. कुणाचंही गाऱ्हाणं तीनदा ऐकल्याशिवाय त्याला पुरे म्हणायचं नाही, असा धुळाबाईच्या नावानं नेम आहे.

मागच्या साली एक म्हातारी उठून म्हणाली, की आमच्या आळीच्या नळाला पाणी नाही. सरपंच म्हणाले, "ऐकलं आजी, बसा आता." ती बसली नाही. तिच्या मागं बसलेल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या.

"सरपंच," त्यांच्यातली एक म्हणाली, "अजून दोनदा ऱ्हायलंय."