‘येते हं’

समुद्राला अजून मुंबई ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी सोनवळ नावाचं मोठं शहर होतं. त्याच्या दगडी धक्क्याला देशोदेशीच्या नौका लागत आणि निघताना प्रत्येक नौका म्हणे, “येते हं!”

पुढे सोनवळच्या बाजूला गाळ साचला. नौका समोरच्या कांदळी गावाला लागू लागल्या. बघता बघता कांदळीचं शहर झालं, सोनवळची पेठ ओस पडली. धक्का मात्र रोज भरतीला अंग धुऊन वाट बघत बसे.

कांदळीचा नवा धक्का हसला. “आजोबा, ‘जाते’ म्हणू नये म्हणून सगळ्याच ‘येते’ म्हणतात. ते काय खरं धरायचं?”

म्हातारा ओशाळला. त्याने वाट बघणं सोडलं.

एकदा उधाणाच्या भरतीला एक जुनाट नौका गाळावरून घासत आली आणि त्याला टेकली.

“अगं, इथे आता काहीच उरलं नाही,” तो म्हणाला.

“माझ्यात तरी काय उरलंय? पण ‘येते’ म्हणून गेले होते ना!”

सकाळी समोर एक नौका निघाली. “येते हं!”

नवा धक्का या वेळी हसला नाही. “ये गं,” तो म्हणाला, “वाट बघतो.”