बहिणीचं बेट माझ्या दारात!

एक होता राजा. त्याच्याकडे जमीन थोडी नि समुद्रच फार. त्याला दोन मुली. थोरली हेमावती, धाकटी सुगंधा.

त्या घराण्याची एक रीत होती, बरं का. मुलगी पाळण्यात असतानाच तिच्या नावानं एक बेट करून द्यायचं. पुढं सासर कुठलं मिळेल, कुणी बघायचंच नाही! हेमावतीला दिलं शंखबेट. सुगंधाला पोवळंबेट.

मग मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली. आणि झाली की पंचाईत! हेमावती गेली पूर्वेच्या किनाऱ्याला, नि तिचं शंखबेट पार पश्चिमेला, सुगंधाच्या महालासमोर. सुगंधाचं पोवळंबेट हेमावतीच्या महालासमोर.

सुगंधा सकाळी खिडकी उघडायची. समोर काय? ताईचं निशाण फडफडतंय! की हिच्या अंगाचा तिळपापड. "माझ्या दारात हिचं बेट! माझ्या नाकावर टिच्चून!" तिकडे हेमावतीचंही तेच. काय म्हणतोस? अदलाबदल करायची? अरे, तुला कळलं, त्यांना कळेल तर ना! आधी विचारील तिची मान खाली जाणार.

मग सुगंधानं आपल्या किनाऱ्यावरून शंखबेटाला जाणारा तांदूळ बंद केला. हेमावतीला कळलं, तिनं पोवळंबेटाचा बंद केला. मग सुगंधानं लाकूडफाटा बंद केला. हेमावतीनंही केला. मग सुगंधानं गोडं पाणीच तोडलं. हेमावती कशी मागं राहील? आणि बेटांवर विहिरी नव्हत्या रे बाळांनो. समोरच्या किनाऱ्यावरूनच हंडे भरून आणायचे.

शंखबेटावर चांगुणा नावाची कोळीण होती. तिची सून बाळंतीण, नि घरात घोटभर पाणी नाही. चांगुणा किनाऱ्यावर गेली, तर शिपाई म्हणतो, "तुमच्या राणीकडं जा." राणी समुद्रापलीकडे! बिचारी होडीत रिकामे हंडे घालून निघाली. वल्हवते आहे, वल्हवते आहे, तर भर समुद्रात समोरून दुसरी होडी. तीत पोवळंबेटाची माणसं. त्यांचेही हंडे रिकामे!

"कुठं निघालात?" चांगुणानं विचारलं.

"आमच्या राणीकडं, पाण्याला. नि तुम्ही?"

"आम्ही आमच्या राणीकडं."

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मग हे घ्या आमच्या होडीचं निशाण, तुमचं द्या इकडं, नि फिरा माघारी!"

झालं! चांगुणा सुगंधाचं निशाण लावून किनाऱ्याला लागली. "आजपासून आम्ही तुमचीच माणसं, बाईसाहेब." सुगंधाला आनंद मावेना. "ताईला सोडून माझ्याकडं आले!" तिनं हंडे भरून दिले, वर तांदूळ, गूळ, लाकूडफाटा. सून पोटभर पाणी प्याली. बाळ दूध पिऊन निजलं. पलीकडेही अगदी तस्संच झालं.

दुसऱ्या दिवशी सुगंधानं खिडकी उघडली. शंखबेटावर तिचंच निशाण! ती हसली. मग तिच्या मनात आलं, आता पोवळंबेटावर ताईचं निशाण असेल. "हं! तिकडचे नारळ नक्कीच जास्त गोड असणार!" आणि बया पुन्हा गाल फुगवून बसली.

चांगुणाच्या कानावर हे आलं. ती सुनेला एवढंच म्हणाली, "थोरलीचं निशाणही एक शिवून ठेव गं. लागेल."

तर अशी बेटावरची माणसं खाऊनपिऊन सुखात राहिली. राण्या बसल्या जळत. त्यांना जळू दे, तुम्ही डोळे मिटा बघू.