माळजाईची वाकडी सुपली

कुसवंडे गावाच्या मागची टेकडी चढून गेलं की माळजाईचं देऊळ लागतं. देवळासमोर एक म्हातारा उंबर आहे आणि त्याच्या फांद्याफांद्यांना बांबूच्या सुपल्या टांगलेल्या आहेत. एकही धड नाही. कुणाची कड उसवलेली, कुणाचं तोंड फिरलेलं, तर काही अशा की ही सुपली आहे हे सांगावं लागतं. नवा माणूस आधी झाडाकडे बघतो, मग देवळाचे गुरव धाकलूतात्या यांच्याकडे. तात्या त्याला पायरीवर बसवतात, पाणी देतात आणि सांगू लागतात.

फार मागे या गावात रायाजी नावाचा शाहीर होऊन गेला म्हणे. त्यानं ऐन उमेदीत माळजाईवर एक पोवाडा रचला. तो असा काही जमला की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. आणि तिथंच घात झाला. त्यानंतर रायाजी कुठलीही ओळ जुळवू लागला की ती त्या पोवाड्यापुढं फिकी वाटायची. मग तो ती खोडायचा. असं करता करता तीन वर्षं गेली, नवं एक कडवंही झालं नाही. जत्रेत तोच पोवाडा, पुन्हा तोच पोवाडा. लोकांना तो इतका पाठ झाला की शाहिरानं तोंड उघडायच्या आत पुढची ओळ मागच्या रांगेतून यायची.

तिसऱ्या जत्रेत शेजारच्या सोनवडीचा शाहीर हैबती भर सवाल-जबाबात उभा राहिला आणि म्हणाला, "रायाजी, पुढच्या वर्षी नवं गा. नाहीतर डफ देवीच्या पायाशी ठेव आणि गाणं सोड."

डफ रायाजीच्या बापाचा होता. रायाजीनं रागाच्या भरात देवीच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला आणि घरी आल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तो अंगणात डोळे मिटून बसू लागला. बायको सगुणा चवड्यांवर चालायची, कोंबड्यांना टोपलीखाली झाकून ठेवायची. एकदा टोपल्या विणणारी ठकूबाई बुरडीण दारात आली. तिनं बराच वेळ बघितलं.

"शाहीर, काय चाललंय?"

"विचार करतोय."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"मग झाला असंल की एव्हाना!"

सगुणा तोंडाला पदर लावून आत पळाली. ठकूबाईनं मात्र डोक्यावरची मोळी उतरवली आणि बांबूच्या कामट्यांची एक जुडी रायाजीपुढं टाकली. "डोकं ऱ्हाऊ द्या बाजूला. हात काय करत्यात? रोज उजाडलं की एक सुपली विणायची. पुरी झाल्याबिगर उठायचं न्हाई. कशीबी होऊ दे, मोडायची न्हाई. मोडली की उद्या पुन्हा तीच करत बसाल. टांगायची आन् दुसरी घ्यायची."

तिनं दोन वेळा विणून दाखवलं आणि ती गेली.

पहिली सुपली कावळ्याच्या घरट्यासारखी झाली. दुसरी पायाखाली आलेल्या बेडकासारखी. सगुणानं तिसरीत जोंधळा पाखडून बघितला, तर दाणे सगळे खाली आणि फोलपट तेवढं सुपलीत! पाचवीत कोंबडी जाऊन बसली आणि उठेना. रायाजीला लाज वाटायची. मोडून टाकावी म्हणून हात शिवशिवायचे. पण देवीला दिलेला शब्द आणि ठकूबाईचा दरारा, दोन्ही होते. घरात जागा उरली नाही तेव्हा तो सुपल्या टेकडीवर नेऊन उंबराला टांगू लागला. गुराख्यांना वाटलं, शाहिराला बाहेरची बाधा झाली.

असं सांगतात की एकेचाळिसाव्या दिवशी एक कामटी काही केल्या सापडेना. बोट कापलं होतं, रायाजी वैतागला होता. विणता विणता तो पुटपुटला,

"एक कामटी वरून गेली, एक गेली खालून,
तिसरी कुठं गेली बाई, बसली का रुसून?"

पुटपुटला आणि दचकला. ओळ अगदीच सामान्य होती. सवयीनं तो ती टाकून देणार, एवढ्यात त्याची नजर हातातल्या सुपलीवर गेली. तीही सामान्यच होती, पण ती टांगायची होती. मग ओळ का मोडायची? त्यानं सगुणाला हाक मारली. तिनं ती पाठ केली आणि दळताना म्हटली.

त्या दिवसापासून रोज एक सुपली आणि एक जोडओळ. म्हशीच्या शिंगावर, पाटलाच्या घोरण्यावर, ठकूबाईच्या जिभेवर. बायका जात्यावर म्हणू लागल्या. पाटील रुसला, मग आपलं नाव सगळ्या घरांत गातात हे कळल्यावर खूश होऊन बसला.

जत्रा आली. हैबतीनं सात समुद्र, चौदा भुवनं वर्णन केली आणि सवाल टाकला: देवीनं सगळं बघितलंय, तिनं न बघितलेलं असं तुझ्यापाशी काय आहे?

रायाजीनं पाठीमागून त्या दिवशीची सुपली काढली, देवीपुढं धरली आणि डफावर थाप टाकली.

"चांद केलास वाटोळा, आई, मोर केलास देखणा,
माझी सुपली बघ गं जरा, आहे का असला नमुना?"

आधी ठकूबाई हसली. मग सगळी टेकडी हसली. पंच हसता हसता पागोटी सावरू लागले. आणि तेवढ्यात गाभाऱ्यातून तेव्हाचा गुरव ओरडत बाहेर आला. माळजाईचे ओठ तोवर सरळ रेघेसारखे होते म्हणे. आता डावा कोपरा वर गेला होता.

निवाडा द्यायला कुणाला सुचेना. हैबती एकटा खाली मान घालून बसला होता. तो उठला, रायाजीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी गातो ते सगळं माझ्या वस्तादाचं. माझी स्वतःची एक ओळ नाही. तुझी तरी नवी ओळ ऐकायला मिळावी, म्हणून चिडून बोललो." मग त्यानं विचारलं, "कामट्या आहेत का अजून?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंगणात दोघं बसले. हैबतीची सुपली बघून रायाजीला म्हणे फार बरं वाटलं.

आजही कुसवंड्यात सुतार, गवंडी, शाळेतल्या बाई, ज्याचं काम अडतं तो सकाळी कामट्या घेऊन बसतो आणि झालेली सुपली माळजाईला आणून देतो. कुणी चलाखी करून बाजारातली सुबक सुपली आणली, तर धाकलूतात्या ती उलटीपालटी करून बघतात आणि परत देतात. "चांगली आहे," म्हणतात, "घरी वापरा. आईला तुमची पाहिजे."