नैवेद्याचा पडदा

कातळगड संस्थानात वेणूबाई अनाथ, आजारी मुलांचा आश्रम चालवीत. तिथे मुलांना औषधपाणी मिळे आणि अक्षरओळखही होई. दूध मात्र सरदार तुळाजीरावांकडून येई, आणि मुलांनी ते आपल्यादेखतच प्यावे, असा त्यांचा हुकूम होता.

त्या सकाळी सरदार मुलांसमोर खुर्ची टाकून बसले. त्यांची नजर पडताच मुलांनी ओठांशी नेलेले पेले खाली घेतले. तापातून नुकत्याच उठलेल्या गोदीला तर घोट गिळवेना.

"माझं दूध कडू लागतं काय गं?" सरदार गरजले. "वेणूबाई, ही पोरं आत्ता प्यायली नाहीत, तर उद्यापासून दूध बंद!"

दुधावाचून गोदी तगणार नव्हती. वेणूबाईंनी मनोमन विठ्ठलाचा धावा केला आणि खांबांमधल्या दोरीवर धुतलेले लुगडे पसरले. मुले सरदारांच्या नजरेआड झाली.

"हा काय उद्धटपणा?" सरदारांनी छडी उगारली.

"सरकार, आपल्या देवघरात नैवेद्य दाखवल्यावर पडदा का ओढतात?"

"देव जेवत असताना माणसानं पाहू नये म्हणून! एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, सरकार. म्हणूनच ओढला."

छडी तशीच अधांतरी राहिली. वेणूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

तेवढ्यात पडद्यामागे रिकामा पेला जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला आणि गोदी हळूच म्हणाली, "बाई, अजून थोडं आहे?"

वेणूबाईंनी डोळे उघडले. सरदारांनी पायांतले जोडे काढून ठेवले होते, आणि ते पडद्याकडे पाठ करून बसले होते.